ट्रंकेची किल्ली

काही कलाकृती अशा असतात, की त्या आपल्या वयाची वाट पाहत थांबलेल्या असतात. गोविंद निहलानी यांची 'तमस' ही मालिका साडेतीन दशकांहून अधिक काळानंतर अलीकडेच पुन्हा पाहिली, तेव्हा याचा प्रत्यय आला.

जानेवारी १९८८ मध्ये ती दूरदर्शनवर आली, त्या वेळी केवढा गदारोळ उडाला होता! प्रक्षेपण थांबवावे म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि अनुमती दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. त्या वादळात आम्हां तरुणांच्या डोळ्यांत भरली ती आग. ओम पुरी यांचा भाबडा नत्थू, त्याच्याकडून मारवून घेतलेले ते डुक्कर, मशिदीच्या पायऱ्या आणि मग पेटत गेलेले शहर. दंगल कोण घडवितो, याच प्रश्नाभोवती आमच्या चर्चा फिरत. आज पन्नाशी उलटल्यावर वाटते, की 'तमस' ही जेवढी दंगलीची, तेवढीच, किंबहुना त्याहून अधिक, शोकाची कथा आहे.

हरनामसिंग आणि बंतो हे वृद्ध शीख दांपत्य आठवावे. खेड्यात चहाचे दुकान चालवून जगणारी ही माणसे नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडतात आणि रात्रभर पायपीट करून एका मुसलमान घराचा आसरा घेतात. त्या घरचा कर्ता परततो तो लुटीची ट्रंक घेऊन. आणि ती ट्रंक हरनामसिंगाचीच असते! कुलूप तोडण्याची खटपट चाललेली पाहून तो म्हातारा काय करतो? आपल्याजवळची किल्ली पुढे करतो. तेथे आक्रोश नाही, शाप नाही. संसार गेला, किल्ली तेवढी उरली. आणि तीही आता निरुपयोगी. दुःखाचे याहून संयत दर्शन मी क्वचितच पाहिले असेल. त्याच घरातील राजो ट्रंकेत सापडलेले बंतोचे दागिने निघताना तिच्या स्वाधीन करते, हेही विसरता येत नाही. सुरेखा सिक्री यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो सर्वस्वी उचित होय.

हरनामसिंगाची भूमिका मूळ कादंबरीकार भीष्म साहनी यांनी स्वतःच केली, हा केवळ योगायोग मानता येत नाही. त्यांचा जन्म १९१५ मध्ये रावळपिंडीचा. मार्च १९४७ मधील तेथील दंगल त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती; परंतु ती कागदावर उतरायला जवळजवळ पाव शतक जावे लागले. १९७० मध्ये आपल्या महाराष्ट्रातील भिवंडी पेटली. तेथील उद्ध्वस्त घरे पाहताना त्यांच्या मनातली रावळपिंडी जागी झाली. या कादंबरीला १९७५ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. शोक सरत नाही; तो मुकाट बसून राहतो आणि दुसऱ्याचे दुःख पाहिले की बोलू लागतो, हेच यावरून दिसते.

कादंबरीत निर्वासितांच्या छावणीतील एक बाबू आहे. त्याला हवे असतात आकडे: किती मेले, किती जखमी, नुकसान किती. लोक मात्र त्याला कहाण्या सांगत बसतात. तो वैतागतो. तो दुष्ट नाही. त्याचा तक्ताच तेवढा लहान आहे. २०२१ च्या त्या भीषण उन्हाळ्यानंतर आम्हां शाळाप्रमुखांकडेही असाच एक तक्ता आला होता. आई किंवा वडील गमावलेल्या विद्यार्थ्यांची नावे त्यात भरावयाची होती. माहिती आवश्यकच होती. तिच्याविना मदत कशी पोहोचणार? पण आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, बाबांच्या नावाआधी आता 'श्री' लिहू की 'स्वर्गीय'?" या प्रश्नासाठी तक्त्यात रकाना नव्हता. लेखणी खाली ठेवली आणि तिला बसवून घेतले. पुढचा तासभर ती बाबांविषयी बोलत होती. मी ऐकत होतो.

मालिकेच्या अखेरीस नत्थूची पत्नी कर्मो छावणीत पतीचे प्रेत ओळखते आणि त्याच वेळी तिला प्रसूतिवेदना सुरू होतात. तंबूतून अर्भकाचे रडणे ऐकू येते आणि दुरून दोन्ही बाजूंच्या घोषणाही. तरुणपणी मला त्यात आशेचा किरण दिसला होता. आज तेवढे निःशंकपणे म्हणवत नाही. मूल जन्मले म्हणून नत्थू परत येत नाही, आणि घोषणाही थांबत नाहीत. पण तंबूबाहेर हरनामसिंग आणि बंतो कर्मोसाठी थांबलेले असतात. रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, केवळ दुःखाचे. त्या तिथे थांबण्यातच मला आता खरा दिलासा वाटतो.

आपल्या इंदूर शहरात फाळणीनंतर सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबे वसली. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले. त्या पिढीतील थोडीच माणसे आता उरली आहेत. आपल्या शेजारी असे कोणी आजोबा वा आजी असतील, तर वाचकांनी एकदा त्यांच्यापाशी अवश्य जाऊन बसावे. किती गेले, हे विचारू नये. घर कसे होते, ते विचारावे. आणि मग ऐकत राहावे.