विरजणाने दूध वाढत नाही

वऱ्हाडच्या जमिनीविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सर्वांत दूरवर पोचलेला आवाज अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांचा. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2019च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘झिरो बजेट’ शेतीचा उल्लेख झाला. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा: झाड साडेअठ्ठ्याण्णव टक्के अन्न हवा, पाणी आणि उन्हातून घेते, जमिनीतून घेते ते फक्त दीड टक्का, आणि तेही जमिनीत भरपूर पडून आहे. म्हणून रासायनिक खत नको आणि गाडीभर शेणखतही नको. जीवामृत पुरे, कारण ते खत नाहीच, ते विरजण आहे. यातले खरे आधी मान्य केले पाहिजे. झाडाच्या सुक्या वजनातला फार मोठा वाटा खरोखरच हवा-पाण्याचा असतो. आच्छादनाचा त्यांचा आग्रहही शास्त्राला धरूनच आहे. शिवाय कर्जाने वाकलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला खर्च कमी करा म्हणून सांगणारा माणूस कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीपेक्षा जवळचा वाटला, यात नवल नाही.

पण पीक अडते ते त्या उरलेल्या थोड्याशा भागापाशी. एकरी जीवामृताचे साहित्य सर्वांना पाठ आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. या सगळ्यात मिळून स्फुरद पन्नास ग्रॅमच्याही आत भरते. एकरी 10 क्विंटल सोयाबीन घरी आले, तर नुसत्या दाण्यांतून पाच-सहा किलो स्फुरद वावराबाहेर जाते. हंगामात पाचदा जीवामृत सोडले तरी पाव किलोच्या पुढे हिशेब जात नाही. यावर उत्तर ठरलेले असते की विरजणाचे वजन करायचे नसते, ते जमिनीतला अडकलेला साठा मोकळा करते. वऱ्हाडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद अडकून बसते हे खरे, आणि जिवाणू त्यातले काही सोडवतात हेही खरे. मात्र विरजणाने दुधाचे दही होते, लिटरभर दुधाचे दोन लिटर होत नाही. साठा मोकळा करणे म्हणजे ठेवीतून रक्कम काढणे. पहिली तीन-चार वर्षे पासबुक न पाहता पैसे मिळत राहतात, आणि नेमक्या याच काळातल्या यशकथा सभांमधून सांगितल्या जातात.

म्हणूनच जमिनीच्या वादात एका हंगामाची साक्ष धरायची नसते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988-89 पासून ज्वारी-गहू क्रमावर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. त्याच जमिनीच्या त्याच तुकड्यांना दरवर्षी तीच वागणूक. काही न दिलेले तुकडे सर्वांत मागे पडले. नुसते नत्र दिलेले फार पुढे गेले नाहीत. नत्र, स्फुरद, पालाश आणि जोडीला शेणखत मिळालेले तुकडे उत्पन्नातही पुढे राहिले आणि जमिनीतल्या सेंद्रिय कर्बातही. हा निकाल युरियाच्या बाजूनेही नाही, हे खत विकणारे सांगत नाहीत. पिकाने नेले ते भरून द्या आणि मातीला कर्बही द्या, एकाने दुसऱ्याचे काम होत नाही, एवढेच त्यातून दिसते.

आक्षेप येतो की विद्यापीठाच्या वावराला कुंपण असते, मजूर वेळेवर असतात, तिथला एकरी आकडा आमच्याकडे कसा उतरणार? उतरणार नाहीच. पण प्रयोगात पाहायचा असतो तो तुकड्यातुकड्यांतला फरक. कुंपण सगळ्याच तुकड्यांना होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बैलजोडी गेली, उकिरडा आटला, शेणखत आणायचे कुठून? पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. पण मळणीनंतर धुऱ्यावर पेटवले जाणारे सोयाबीनचे कुटार आणि उपटून जाळलेली पऱ्हाटी हा कर्बच आहे, आणि तो विकत आणावा लागत नाही. निचऱ्याचेही तसेच. काळी चिकण माती ऑगस्टच्या झडीत फुगून मुळांचा श्वास कोंडते आणि पाऊस उघडला की भेगाळून त्याच मुळ्या तोडते. रुंद वरंबा-सरी, किंवा यंत्र नसेल तर पट्टापेर करून मोकळ्या तासात डवऱ्याने पाडलेली सरी, दोन्ही वेळा उपयोगी पडते. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर निचरा आणि जिप्सम हाच पहिला प्रश्न. सोडियमने गच्च बसलेल्या मातीत कुठलेही विरजण लागायला आधी हवा तर हवी! बेलोऱ्याची कृती असो की कृषी केंद्राची चिठ्ठी, दोन्ही या जमिनींतला फरक पाहतच नाहीत.

‘आम्ही दहा वर्षे खत घातले नाही, सोयाबीन येतेच’ असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. सोयाबीन हे द्विदल. मुळांवरच्या गाठी हवेतले बरेचसे नत्र मिळवून देतात, म्हणून ही उणीव नत्रापुरती झाकली जाते. आता इथेनॉलच्या मागणीमुळे मका सोयाबीनच्या वावरात शिरतो आहे. त्याच्या मुळांना अशा गाठी नाहीत. एकरी 25 क्विंटल मका नुसत्या दाण्यांतून पस्तीस-चाळीस किलो नत्र उचलतो, कडबा वेगळाच, आणि तोही चाऱ्यासाठी वावराबाहेर जातो. जीवामृताच्या पिंपात नत्र भरते ते पाव किलोच्या आसपास.