शेवटचा रकाना

मार्च जवळ आला की नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा विभागात तक्ते भरण्याची लगबग सुरू होते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवून दिलेले पाणीपुरवठ्याचे नऊ निर्देशक आपल्याला एव्हाना तोंडपाठ झाले आहेत. शंभर टक्के नळजोडण्या, दरडोई १३५ लिटर, २० टक्क्यांच्या आत एनआरडब्ल्यू, २४ तास पुरवठा आणि पुढचे सगळे. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाची सांगड या उद्दिष्टांशी घातली, ती राजपत्रात छापली जाऊ लागली आणि तक्ता कायमचा मुक्कामाला आला. त्याच तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे विश्वासार्हतेची श्रेणी लिहायची असते, ‘ए’पासून ‘डी’पर्यंत. मोजून काढलेला आकडा ‘ए’, अंदाजाने बसवलेला ‘डी’. आढावा बैठकीत हा रकाना सहसा कोणी वाचत नाही. आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

कुठल्याही पंपगृहातले लॉगबुक उघडून पाहा. बऱ्याचदा आठवडाभराच्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच शाईने केलेल्या दिसतात. पंप चालल्याचे तास गुणिले पंपाच्या पाटीवर कोरलेला विसर्ग, की झाले दिवसाचे उत्पादन. ताशी ४५० घनमीटरचा पंप २० तास चालला म्हणजे ९ एमएलडी. पण ती पाटी पंप नवा होता तेव्हाची. पुढे इंपेलर झिजतो, उन्हाळ्यात जॅकवेलमधली पातळी उतरली की हेड वाढतो. पंप प्रत्यक्षात ताशी ३८० घनमीटरच देत असेल, तर शहराकडे निघते ७.६ एमएलडी. बिलांत ६.३ एमएलडीचा हिशेब लागत असेल, तर कागदावर ३० टक्के पाणी वाया जाते आणि प्रत्यक्षात १७ टक्के. मधले १.४ एमएलडी कुठल्याही जोडातून गळालेले नाही, ते उचललेच गेलेले नाही. त्याच्या नावाने जलवाहिन्या बदलण्याचा कोट्यवधींचा प्रस्ताव मात्र तयार होतो.

हे झाले एक टोक, आणि तेही बिलांमागे चालू मीटर असतील तर. जिथे अर्ध्या इंची जोडणीला ठोक वार्षिक पाणीपट्टी आहे तिथे वापरही गृहीतच धरावा लागतो. मग एनआरडब्ल्यू म्हणजे एका अंदाजातून दुसऱ्या अंदाजाची वजाबाकी. तीही दशांशापर्यंत लिहिलेली असते, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

टक्केवारीचा आग्रहही आता सोडायला हवा. समजा, १० एमएलडी पुरवठ्यातले ३ एमएलडी वाया जाते. मीटर बसले, लोकांनी हात आखडला आणि वापर ७ वरून ५ एमएलडीवर आला. गळतीत थेंबाचाही फरक नाही, पण नुकसान ३० टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर गेले. चांगले काम करणाऱ्या अभियंत्याला बैठकीत बोलणी बसतात. आंतरराष्ट्रीय जल संघटनेच्या पद्धतीत प्रत्यक्ष गळती दर जोडणीमागे दररोज किती लिटर, अशी मांडतात, आणि तीही जलवाहिनीत दाब असलेल्या काळापुरती. आपल्यासाठी ही दुसरी अट फार मोलाची. ताशी ५०० लिटर सोडणारे भोक दोन तासांच्या पुरवठ्यात हजार लिटर गमावते, २४ तासांत १२ हजार. एका वेळी तासभर पाणी सोडणाऱ्या शहराची गळती कमी दिसते ती व्हॉल्व्हमनच्या कृपेने. पाइप जसे होते तसेच असतात.

पुरवठ्याच्या तासांचीही हीच गत. दिवसाआड दोन तास पाणी येत असेल तर रोजची सरासरी एक तास; तक्त्यात मात्र दोन लिहिलेले आढळते. मार्गदर्शिकेला अपेक्षित आहे किमान ७ मीटर दाबाने मिळणारे पाणी. नळाला थेट मोटर लावून ओढलेल्या पाण्याचे तास त्यात धरायचे का? शहराची सरासरी काढण्याऐवजी सगळ्यात वाईट झोनचे तास लिहा, म्हणजे उंचावरच्या वस्तीचे हाल निदान कागदावर तरी येतील.

शाश्वततेबद्दल हे नऊ निर्देशक फारसे बोलत नाहीत. वसुलीच्या निर्देशकात चालू खर्च धरतात. व्याज, कर्जफेड आणि भांडवली खर्च त्याबाहेर. म्हणजे १०० टक्के खर्च वसूल करणाऱ्या शहराकडेही जुनी ऊर्ध्ववाहिनी बदलायला पैसा नसू शकतो. स्रोताचे तर त्यात नावच नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मांजरा आटले होते. जोडण्या, मीटर, तक्रार निवारण यांपैकी कुठलाही आकडा ते संकट आधी सांगू शकला नसता. स्रोतात किती दिवसांचा साठा उरला आहे आणि हजार लिटरमागे किती युनिट वीज जळते, हे दोन आकडे पाणीपुरवठा अभियंत्याच्या टेबलावर रोज असायला हवेत. दुसऱ्या आकड्यासाठी वेगळा सर्व्हे लागत नाही. महावितरणचे बिल आणि चालू फ्लोमीटर पुरे.

अडचण त्या फ्लोमीटरपाशीच येते. बसवल्यावर वर्षभरात बंद पडलेले, चेंबरमध्ये पाणी भरलेले, कॅलिब्रेशनचा पत्ता नसलेले बल्क मीटर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. निविदेत मीटरची किंमत असते, देखभालीची ओळ नसते. नॉम पेन्हने १९९३ मधले ७२ टक्के नुकसान पुढच्या दीड दशकात सहा टक्क्यांच्या आसपास आणले, त्यात ग्राहकयादीची शुद्धी, मीटर आणि गळतीचा पिच्छा पुरवणारी पथके होती. परदेशी उदाहरण नको असेल तर कराडजवळचे मलकापूर पाहा. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने तिथे मीटर आणि टप्प्याटप्प्याने चढणारा दर यांच्या आधारावर २४ तास पाणी दिले. ‘छोट्या गावाला परवडत नाही’ ही सबब तिथे गळून पडते.

विभागाच्या हाती पैसा थोडा असेल तर निर्देशकांचे नवे सॉफ्टवेअर थांबवा. आधी शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर आणि प्रत्येक जलकुंभाच्या आउटलेटवर मीटर बसवा, त्याच्या देखभालीचा पाच वर्षांचा करार करा आणि लॉगबुकात तासांशेजारी मीटरचे वाचन लिहायला लावा. पहिल्या वर्षी आकडे बिघडतील. वरिष्ठांनी तेव्हा खुलासा मागण्याऐवजी श्रेणी ‘डी’वरून ‘बी’वर आली याची नोंद घ्यावी.

या मासिकात आम्ही शहरांचे तुलनात्मक तक्ते छापतो. पुढच्या अंकापासून विश्वासार्हतेची श्रेणी आकड्याच्या शेजारी, त्याच टाइपात छापली जाईल. तो रकाना रिकामा ठेवून आलेले तक्ते परत पाठवले जातील.