बुरशीचा भुर्दंड कोणाच्या माथी?

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. कारण उमगेना, म्हणून त्या रोगास ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. शोधाअंती दोष निघाला तो ब्राझीलहून आणलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीचा आणि तिने निर्माण केलेल्या अफ्लाटॉक्सिन या विषाचा. संहार एवढा प्रचंड होता म्हणूनच त्याचा छडा लागला. महाराष्ट्रातील कुक्कुटपालकाची अडचण बरोबर उलट आहे. त्याचे पक्षी बहुधा मरत नाहीत. खाल्लेले त्यांच्या अंगी लागत नाही.

खरिपाचा मका परतीच्या पावसात सापडतो. दाण्यात शेकडा १४ हून अधिक ओलावा राहिला, की साठवणीत बुरशी फोफावते. मागाहून दाणा वाळविला, खाद्य तापविले, तरी एकदा तयार झालेले विष सहसा जात नाही. अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडविते, मग पित्त व पाचकरस उणे पडतात आणि स्निग्धांशाचे पचन मंदावते. फ्युझेरियम बुरशीची काही विषे आतड्याच्या अस्तराला इजा करतात. अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे खुरटतात आणि जंतूंना वाट मोकळी होते. प्रतिकारशक्ती घटल्याने दिलेली लसही वाया जाण्याचा संभव असतो. भारतीय मानकानुसार कुक्कुटखाद्यात अफ्लाटॉक्सिन ‘बी-१’ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे टनामागे अवघे २० मिलिग्रॅम आहे. पोते नाकाशी धरून ते ओळखणे अशक्यच.

येथवरचा विषय पशुवैद्यकाचा. पुढचा मात्र हिशेबाचा आहे. करारावरील मांसल कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज व श्रम शेतकऱ्याचे. त्याचा मोबदला बव्हंशी किती खाद्यात किती वजन भरले यावर, म्हणजे ‘एफसीआर’वर, ठरतो. समजा, ५,००० पक्षी प्रत्येकी दोन किलोचे झाले आणि किलोमागे लागणारे खाद्य १.६ किलोवरून १.७ वर गेले, तर एका खेपेला एक टन खाद्य जादा खर्ची पडते. तो आकडा शेतकऱ्याच्या निगराणीतील कसूर म्हणून नोंदला जातो आणि त्याचा दर कापला जातो. वस्तुतः ते खाद्य त्याने निवडलेले नसते, दळलेले नसते, नाकारण्याची मुभाही त्याला क्वचितच असते. ज्याच्या हाती निवड, त्याच्या माथी जोखीम, हा व्यवहाराचा साधा न्याय येथे उफराटा झाला आहे.

शेतकऱ्याची हयगय कधीच नसते, असे अर्थातच नव्हे. गळक्या पत्र्याखाली ठेवलेले चांगले खाद्यही बुरसटते. म्हणूनच दोष कोठे उपजला याचा पुरावा हवा. शेडवर गाडी उतरताना खाद्याचा नमुना उभयतांच्या सहीने मोहोरबंद करावा. तंटा झाल्यास तो पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वा अन्य तटस्थ प्रयोगशाळेत तपासावा. आणि विष मर्यादेबाहेर आढळल्यास त्या खेपेचा ‘एफसीआर’ दरकपातीस धरू नये, असे कलम करारातच असावे. खर्चाची सबब येथे फारशी टिकणारी नाही. मका विकत घेताना ओलावा मोजून भाव पाडण्याची दक्षता खरेदीदार घेतातच. तो मोजणीचा कागद खाद्याच्या पोत्यासोबत शेडपर्यंत पोचविण्यास असे किती पैसे पडणार?