पूर उपग्रहाला दिसतो, पण मळ्यातलं घर?

पावसाळ्यात मोबाईलवर मेसेज येतो : गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एकलहरे असो की सायखेडा, मेसेज एकच. पण तेवढ्या पाण्यात कोणाच्या ओट्याला नदी लागणार, हे त्यात नसतं. नाशिककरांना निदान दुतोंड्या मारुती आहे. पाणी मूर्तीच्या कुठवर चढलं यावरून ते पुराचा अंदाज बांधतात. खाली आपण काय बघायचं?

खरं तर आता हे काढता येतं. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह रडारने बघतो, त्यामुळे ढग असोत की रात्र, पाणी कुठवर पसरलं ते त्याला कळतं. त्याची चित्रं फुकट मिळतात. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराचे नकाशे 'भुवन'वर टाकतं. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रहही वर गेला.

पण एक मेख आहे. निसारला त्याच वाटेवर परत यायला १२ दिवस लागतात, आणि गोदावरीचं पाणी बऱ्याचदा दोन दिवसांत ओसरतं. म्हणजे नेमका पूर चुकायचा आणि नंतरचा चिखल तेवढा टिपला जायचा.

त्याहून मोठी अडचण माणसांची. वरून छप्पर मोजता येतं, त्याखाली किती जण झोपतात ते नाही. हाताशी असलेली जनगणना २०११ ची. स्वामित्व योजनेत ड्रोन फिरले, पण ते गावठाणावर. मळ्यातल्या वस्त्या बाहेरच राहिल्या. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र कुठल्याही नकाशावर ठळक दिसेल. नदीलगतच्या मळ्यातलं पत्र्याचं घर, गोठा, काठावरची मोटार, पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या मजुरांची ताडपत्रीची झोपडी मात्र यादीत नसते. आणि पाणी आधी शिरतं ते तिथेच.

पूररेषा आहेत की, असं कोणी म्हणेल. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. बांधकाम परवानगीला त्या ठीक. रात्री दोनला विसर्ग वाढला तर कोणाला उठवायचं, हे त्या सांगत नाहीत. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं. तिथे दारणाही येऊन मिळालेली असते, म्हणून एकलहऱ्याचा हिशोब तिथे चालत नाही. प्रत्येक गावाची यादी वेगळीच हवी.

उपग्रहाचा चुकलेला पूर गावाला पाठ आहे. कोणत्या साली पाणी कोणत्या भिंतीला, कोणत्या विजेच्या खांबाला लागलं, हे जुनी माणसं बोट ठेवून दाखवतात. त्या खुणेजवळ उभं राहून मोबाईलवर लोकेशन घ्या, साल आणि उंची लिहा, मळ्यातली घरं नि माणसं मोजा. ही यादी ग्रामसभेत मांडून तलाठ्याकडे द्या, आणि तहसीलला मान्सूनपूर्व बैठक होते त्याआधी द्या. त्या दिवशीचा विसर्ग किती होता, तो आकडा पाटबंधारे खात्याकडे मागता येतो.