दोन वर्षांची तूट



गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मार्केट यार्डातून एका ज्येष्ठ अडत व्यापाऱ्यांचा दूरध्वनी आला. माझ्या वडिलांचे ते स्नेही. मी त्यांना काका म्हणते. वीर निर्वाण संवताच्या शुभेच्छा झाल्या आणि काका लगेच मुद्द्यावर आले. त्यांची नात न्यू जर्सीत बारावीत शिकते. अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांकडे तिला अर्ज पाठवायचे होते. पहिली मुदत १ नोव्हेंबरची होती आणि घरात वाद पेटला होता. कोणते महाविद्यालय निवडावे, हा वादाचा विषय नव्हता. नातीने अर्जात आपला आजार लिहावा की लिहू नये, यावरून पुणे आणि न्यू जर्सी यांच्यात रात्र-रात्र बोलणी चालली होती.

मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जाते. काही महिने विकार शांत असतो आणि मग काही कारण नसताना उसळतो. औषधाने तो आटोक्यात राहतो, पण मुळातून जात नाही. वर्गात तास चालू असताना पाच-पाच वेळा उठावे लागणे म्हणजे काय, हे पंधरा वर्षांच्या मुलीलाच विचारावे. दहावी आणि अकरावी अशी दोन वर्षे तिची या दुखण्यात गेली. नववीत सर्व विषयांत उत्तम श्रेणी मिळवणाऱ्या मुलीच्या प्रगतिपत्रकात मध्यम श्रेणी आल्या, एक विषय अर्धवट सोडल्याची नोंद आली आणि वरच्या पातळीच्या चार अभ्यासक्रमांपैकी तीन गळले.

काकांचे म्हणणे साधे होते. “लिहिलेले पुसता येत नाही. चार वर्षांनी स्थळे पाहायची आहेत. पोटाचा आजार, तोही जन्माचा, हे कागदावर कशाला?”

त्यांच्या या भीतीला मी हसले नाही, कारण ती निराधार नाही. आपल्या समाजात स्थळ पाहताना आडवळणाने काय काय विचारले जाते, हे मलाही ठाऊक आहे. परंतु महाविद्यालयाचा अर्ज म्हणजे बायोडेटा नव्हे. तो वाचणारे पाच-सहा जण मुलीच्या भावी सासूबाईंना ओळखत नसतात.

तिकडची रीत आपल्याहून वेगळी आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एका परीक्षेचे गुण दार उघडतात किंवा बंद करतात. तिथे नववीपासूनची चारही वर्षे एकत्र वाचली जातात आणि त्यांत अकरावीकडे विशेष लक्ष असते. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभर अर्जांतून पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही. अर्ज वाचणाऱ्याला प्रत्येक अर्जासाठी थोडाच वेळ असतो. अशा वेळी दोन वर्षे अचानक घसरलेली दिसली आणि कारण कुठेच नसले, तर तो स्वतःच्या मनाने कारण ठरवतो. आळस, वाईट संगत, घरातले भांडण, काहीही. आजार लपवल्याने मुलगी निरोगी दिसत नाही, निष्काळजी दिसते.

कायद्याचाही एक भाग आहे. १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४व्या कलमानुसार, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या महाविद्यालयाला प्रवेशापूर्वी अर्जदाराच्या अपंगत्वाविषयी वा अशा जुनाट विकाराविषयी विचारता येत नाही. म्हणजे सांगणे हे बंधन नाही, तो मुलीचा अधिकार आहे. काकांना हे ऐकून बरे वाटले. “मग न सांगणेच उत्तम,” ते म्हणाले.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मी ती बोलून गेले. काकांची बायपास झाली, त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुकान मुनीमजींच्या भरवशावर चालले आणि ताळेबंदात तोटा आला. कॅश क्रेडिटची मर्यादा नव्याने मंजूर करण्याची वेळ आली, तेव्हा बँकेने दोन वर्षांच्या तुटीचा खुलासा मागितला. काकांनी पानभर पत्र लिहिले: अमुक महिन्यात शस्त्रक्रिया, इतके महिने दुकानात येणे नाही, आता रोज बसतो, चालू वर्षाची विक्री सोबत जोडली आहे. रुग्णालयाचे कागदही जोडले. मर्यादा मंजूर झाली. काकांच्या हृदयाची हकीकत बँकेच्या फायलीत आजही आहे आणि तिने कोणाचे लग्न अडलेले नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “ती मुलीची जात आहे, म्हणून.” मी म्हटले, “काका, तेच तर.”

त्या रात्री नातीने मला तिचा मसुदा पाठवला. तिकडे शेकडो महाविद्यालये एकच सामाईक अर्ज स्वीकारतात. त्यात साडेसहाशे शब्दांचा मुख्य निबंध असतो. त्याखेरीज अडचणी व परिस्थिती सांगण्यास अडीचशे शब्दांचा एक स्वतंत्र रकाना आणि पूरक माहितीचा दुसरा. हा दुसरा रकाना पूर्वी साडेसहाशे शब्दांचा होता, आता तीनशेचा केला आहे. मुलीने मुख्य निबंधच आजारावर लिहिला होता. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि तरीही तो मला पटला नाही. प्रत्येक परिच्छेदात ती माफी मागत होती. शिक्षकांना त्रास दिला, आईची रजा गेली, गटातल्या मुलींचे काम अडले, मी अधिक प्रयत्न करायला हवे होते. पाठशाळेत वाढलेली मुलगी. तिने नकळत आलोचना लिहिली होती. गुरूसमोर दोष न लपवता सांगावे, ही आपली थोर परंपरा. पण आलोचना दोषाची असते. असातावेदनीय कर्माचा उदय हा काही तिने केलेला अपराध नाही. त्याचे प्रतिक्रमण कशाचे करायचे? आपल्याकडे मंडळी सहज बोलून जातात, “कर्माचे फळ आहे.” आजारी मुलाच्या कानाला ते वाक्य आरोपासारखे लागते, एवढे तरी मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

मी तिला फोनवर विचारले, “आजार सोडून तुला काय आवडते?” ती म्हणाली, “आत्या, तिथी.” प्रथम मला कळलेच नाही. अंथरुणावर असताना तिने पंचांगाचे गणित शिकून घेतले होते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राची गती कमी-जास्त होते, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांची, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आत संपते, तेव्हा तिचा क्षय होतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या आजीला तिने हे तक्ता काढून समजावले होते. मी म्हटले, “मुख्य निबंध यावर लिही.”

आणि आजार अडीचशे शब्दांच्या रकान्यात गेला. निदान कधी झाले, किती दिवस शाळा बुडाली, वैद्यकीय प्रमाणपत्रावरून शाळेने घरी शिक्षक कधी पाठवले, कोणता विषय का सोडला, आता दर आठ आठवड्यांनी शिरेतून औषध घेतल्यावर प्रकृती कशी आहे आणि बारावीच्या पहिल्या तिमाहीत श्रेणी काय आल्या. विशेषणे तिने स्वतःच काढली. शाळेच्या समुपदेशकांचे पत्रही अर्जासोबत जाते. त्यांना आजाराचा उल्लेख करण्याची लेखी संमती आई-वडिलांनी दिली. तीच हकीकत दुसऱ्याच्या लेखणीतून आली की तिचे वजन वाढते.

एक गोष्ट मात्र घरच्यांना मनापासून पटली नाही, असे मला वाटते. बारावीत तिने वरच्या पातळीचे दोनच अभ्यासक्रम घेतले. तिच्या वडिलांना पाच हवे होते, दोन वर्षांची तूट एकदम भरून काढण्यासाठी. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर नामकर्माच्या सोळा कारणांमध्ये तप आणि त्याग शक्तीनुसार सांगितले आहेत. शेजारणीने अठाई केली म्हणून आजारी माणसाने ती करावी, असे कोणी म्हणत नाही. पाच घेऊन दोन गळाले असते, तर वरच्या खुलाशातला “आता प्रकृती स्थिर आहे” हा शब्द खोटा ठरला असता.

प्रवेशानंतरची बाजू अधिक कठीण आहे आणि तिच्याकडे पालकांचे लक्ष जात नाही. शाळेत मुलाला सवलती मिळतील हे पाहणे शाळेचे काम असते. महाविद्यालयात विद्यार्थ्याने स्वतः संबंधित कार्यालयात जाऊन कागद दाखवून मागणी करावी लागते. परीक्षेत मध्येच उठण्याची मुभा, स्वच्छतागृहाजवळची खोली, उपस्थितीत लवचीकता, हे वडिलांनी फोन करून मिळत नाही. गुणसुद्धा मुलीच्या संमतीवाचून वडिलांना कळवण्याचे बंधन महाविद्यालयावर नसते. ज्या मुलीला “कोणाला सांगू नकोस” हेच शिकवले, ती तिथे तोंड कसे उघडणार?

आपल्याकडील वाचकांसाठी थोडेसे. इथे खुलाशाला वाव कमी असला तरी वाटा आहेत. राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बारावीला बसता येते, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयात एकदा नोंदणी केल्यावर पाच वर्षांत सवडीने विषय पूर्ण करता येतात. आयआयटीच्या प्रगत परीक्षेला मात्र लागोपाठच्या दोनच वर्षांत दोन संधी असतात. आजार जोरात असताना बारावीला घाईने बसवण्यापूर्वी हा हिशेब घरात मांडावा.

मार्चअखेर निकाल आले. सर्वांत नामांकित होती त्या सगळ्यांनी नकार कळवला. तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. त्यांतले अधिक नावाजलेले महाविद्यालय तिने सोडले, कारण शिरेतून औषध देणारे केंद्र तिथून दोन तासांवर होते. जिथे जात आहे, तिथे रुग्णालय पायी पंधरा मिनिटांवर आहे. वडील अजून थोडे नाराज आहेत.

हा लेख लिहू का, असे मी तिला विचारले. तिने लगेच होकार दिला. काकांनीही दिला, फक्त नाव छापू नका म्हणाले. नाव छापलेले नाही.