ज्वर नव्हे, ईर्षा

दर चार वर्षांनी एक शब्द मला तीन भाषांत भेटतो. हिंदीत 'फुटबॉल का बुखार', बंगालीत 'ज्वर', मराठीतही 'ज्वर'. इतका सोपा प्रतिशब्द हाती आला की अनुवादकाला हायसं वाटायला हवं. मला तो आता नकोसा झाला आहे. तापात माणूस बरळला तर त्याला कोणी जाब विचारत नाही. जाब विचारला जाऊ नये, म्हणूनच हा शब्द इतक्या हौसेने वापरला जातो, असा माझा आरोप आहे.

मी भिलाईत, सेक्टर ६ मध्ये राहते. पोलाद कारखान्यासाठी देशभरातून माणसं इथे आली. कालीबाडी आणि जामा मशीद एकाच सेक्टरमध्ये, आणि शेजारीपाजारी बंगाली, मल्याळी, तेलुगू, आमच्यासारखे वैदर्भीय. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री इथल्या एका मैदानावर मोठा पडदा लागला. मुलगी तेव्हा चौदाची, शाळेच्या संघात लेफ्ट बॅक. आम्ही दोघी घरून खुर्च्या घेऊन गेलो.

अर्जेंटिना २-० ने पुढे होती तोवर सगळं छान होतं. मग एम्बापेने ९७ सेकंदांत दोन गोल केले आणि मैदान फिरलं. त्याच्या रंगावरून माकडांचे आवाज सुरू झाले. आवाज काढणाऱ्यांत गोरं कोणी नव्हतं, हे सांगायला नकोच. मग आईबहिणीवरून शिव्या, एका सुरात, हसत हसत. मागून कोणीतरी मुलीच्या खुर्चीला लाथ मारली. ती म्हणाली, "आई, चल."

उरलेला सामना घरी मोबाइलवर पाहिला. प्रक्षेपण मागे पडायचं. आधी मैदानातले फटाके ऐकू यायचे, मग गोल दिसायचा. ३-३, आणि पेनल्टीवर ४-२. विश्वचषकातली कदाचित सर्वांत चांगली फायनल आम्ही अशी उष्टी पाहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणाले, खेळात असं चालायचंच. साहित्यातले मित्र त्याहून वाईट. त्यांना त्यात गर्दीची ऊर्जा दिसली, उत्सव दिसला. काम्यू गोलकीपर होता, हे मला दर विश्वचषकाला कोणी ना कोणी ऐकवतंच. गोलपोस्टच्या मागे उभे असलेले प्रेक्षक काय काय बोलतात, हे त्या बिचाऱ्याला सगळ्यांत जास्त ऐकू येत असणार.

कोल्हापूरच्या पेठांत याला नेमका शब्द आहे: ईर्षा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब; कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ, आणि शाहू स्टेडियम खचाखच भरलेलं. मी कोल्हापूरची आरती ओवाळत नाही. तिथेही दगड येतात, बाटल्या येतात, पोलिसांच्या काठ्या चालतात. पण ईर्षेला मालक असतो. दगड कुठल्या बाजूने आला हे कळतं, त्या बाजूला पेठ असते, तालीम असते, वर १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन असते. जाब विचारायला पत्ता असतो.

पडद्यापुढच्या शिवीला पत्ता नाही. ती लुसैलला पोचत नाही, एम्बापेला ऐकू जात नाही. ती ऐकते फक्त शेजारच्या खुर्चीवर बसलेली मुलगी.

यावर काहींचं उत्तर तयार असतं: बंदच करा हे पडदे, हुल्लडबाजांना फटके द्या. त्यांच्याशीही माझं जमत नाही. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ माणसं चिरडून मेली आणि पोलिसांनी खापर दारू प्यायलेल्या प्रेक्षकांवर फोडलं. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे ज्यूरीने सांगायला २०१६ साल उजाडलं. 'हुल्लडबाज' म्हणताना आपण मनातल्या मनात मजुरांची पोरं बघतो. त्या रात्री माझ्यामागे बसले होते ते इंजिनिअरांचे मुलगे, काकू म्हणून घरी येणारे.

मला लाठी नको. माइक ज्याच्या हातात असतो, जो मध्यंतरात देणगीदारांची नावं अचूक वाचतो, त्याने पहिल्या माकडआवाजाला सामना दोन मिनिटं थांबवावा. पडद्याचं बटण त्याच्याच हातात असतं. मैदानावरचे निम्मे दिवे चालू ठेवावेत. बायकांच्या खुर्च्या कोपऱ्यात कनातीमागे नव्हे, मधोमध असाव्यात. यात पैसा लागत नाही.

२०२६ चे सामने अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत. आपल्याकडे तेव्हा बहुतेक रात्र. वर्गणीला आलेल्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पावतीपुस्तक पुढे केलं. "भाभी, रात का मैच है, लेडीज़ कहाँ आएँगी?"

पावती अजून फाडलेली नाही. मुलगी विचारते आहे, खुर्च्या काढू का.