कुमिंगाला बाकावर बसवून काय मिळवलं?

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सहा. घरात सगळे गाढ झोपलेले आणि मी हॉलमध्ये मोबाइलचा आवाज बंद करून मॅच बघतेय. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध मिनेसोटा टिंबरवुल्व्स, प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीतली तिसरी लढत. स्टेफ करीच्या मांडीचा स्नायू दुखावलाय, त्यामुळे तो साध्या कपड्यांत बाकावर. आणि महिनाभरापूर्वी ज्याला कोचने एक मिनिटसुद्धा कोर्टवर उतरवलं नव्हतं, तो जोनाथन कुमिंगा पॉइंट्सवर पॉइंट्स काढतोय. शेवटी त्याचे 30 झाले. आम्ही 97-102 असे हरलो. (हो, ‘आम्ही’. सात वर्षं झोपमोड केल्यावर एवढा हक्क मिळतो.)

बाबा उठून बाहेर आले. ‘‘जिंकले का गं?’’

‘‘नाही. पण कुमिंगाने तीस मारले.’’

‘‘मग आधी का नव्हते खेळवत त्याला?’’

बाबांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण वॉरियर्सचे चाहते चार वर्षं ज्यावरून एकमेकांची डोकी खात होते, तो प्रश्न त्यांनी दात घासायच्या आधीच विचारला.

ज्यांना हा पोरगा माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. कुमिंगाचा जन्म काँगोमधल्या गोमा शहरातला, 2002 चा. शाळकरी वयातच तो अमेरिकेत आला, कॉलेज बास्केटबॉलऐवजी जी-लीगच्या ‘इग्नाइट’ टीमकडून खेळला आणि 2021 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर वॉरियर्सने त्याला उचलला. तेव्हा तो 18 वर्षांचा होता. पहिल्याच सीझनमध्ये टीम चॅम्पियन! म्हणजे विशीत पोचायच्या आधी बोटात अंगठी. बाहेरून बघितलं तर याहून भारी सुरुवात काय असणार?

माझ्या मते घोळ तिथेच झाला.

ड्राफ्टमध्ये त्याच्या लगेच मागे, आठव्या क्रमांकावर, ओरलँडोने फ्रांझ वॅगनरला घेतलं. ओरलँडोची टीम त्या वर्षी इतकी वाईट होती की 82 पैकी फक्त 22 मॅचेस जिंकली. पण वॅगनर जेवढ्या मॅचेस खेळला त्या सगळ्या, 79 च्या 79, त्याने स्टार्ट केल्या. चुकला तरी दुसऱ्या दिवशी परत स्टार्टिंग फाइव्हमध्ये. 2024-25 च्या सीझनला त्याने मॅचमागे 24 पॉइंट्सची सरासरी ठेवली. कुमिंगा मात्र करी, क्ले थॉम्प्सन आणि ड्रेमंड ग्रीन यांच्या टीममध्ये गेला. तिथे जून महिन्यात ट्रॉफी उचलायची असते, तिथे नवख्याची एक चूक म्हणजे थेट बाक. मालकांचं स्वप्न होतं दोन पिढ्या एकाच वेळी चालवायचं: म्हाताऱ्यांनी आज जिंकायचं, पोरांनी तोवर शिकायचं. जेम्स वाइजमनला 2020 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि 2023 मध्ये देऊनही टाकलं. कुमिंगा उरला.

आता कोच स्टीव्ह कर यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्यात. पण त्यांची बाजू खोटी नाही. स्टार्टिंग फाइव्ह म्हणजे पाच सर्वांत भारी खेळाडूंची यादी, असं आपल्याला वाटतं. तसं ते नसतं. तो जुळवून आणलेला मेळ असतो. करीच्या मागे कायम दोन माणसं धावतात. त्यामुळे बाकीच्या चौघांना मोकळी जागा मिळते, पण ती जागा वापरायची तर लांबून बॉल टाकता आला पाहिजे. नाही आला तर समोरचा डिफेंडर तुम्हाला खुशाल सोडून देतो आणि बास्केटखाली जाऊन उभा राहतो. ड्रेमंडला असंच सोडतात. फेब्रुवारी 2025 मध्ये जिमी बटलर आला. तोही मुख्यतः आत घुसून खेळणारा. त्यात कुमिंगा, ज्याचे थ्री-पॉइंटर 2024-25 च्या सीझनला शंभरात तीसच्या आसपास पडले आणि ज्याची सगळी ताकद आत घुसून डंक मारण्यात आहे. तिघंही एकाच दारातून आत जाणारे! संध्याकाळी सहाला दादरहून सुटलेल्या फास्ट लोकलच्या दरवाजात काय होतं ते ज्याने अनुभवलंय, त्याला वेगळं सांगायला नको.

कर यांनी हे लपवलंही नाही. हे तिघं एकत्र जमत नाहीत, असं ते उघड बोलले. आणि निकाल त्यांच्या बाजूने होते. बटलर ज्या 30 मॅचेस खेळला त्यातल्या 23 वॉरियर्सने जिंकल्या. करी, ब्रँडन पॉजेम्स्की, मोझेस मूडी, बटलर आणि ड्रेमंड ही पाच नावं ठरून गेली. यातला मूडी कुमिंगाच्याच ड्राफ्टमधला, चौदाव्या क्रमांकाचा. उडी कमी, चमक कमी. पण कोपऱ्यात उभा राहतो, बॉल आला की टाकतो, समोरच्याला अडवतो.

म्हणजे कुमिंगा स्टार्टर नाही, इथवर मी मान्य केलं. ते सहन होतं. या टीममध्ये क्ले थॉम्प्सनसुद्धा फेब्रुवारी 2024 मध्ये बाकावरून आला आणि रागाच्या भरात यूटाविरुद्ध 35 पॉइंट्स ठोकून गेला. 2014 मध्ये आंद्रे इगुडाला आयुष्यात पहिल्यांदा राखीव झाला आणि त्याच सीझनच्या शेवटी फायनल्सचा एमव्हीपी ठरला. त्याच वर्षी डेव्हिड ली हा ऑलस्टार खेळाडू जखमी झाला, त्याच्या जागी 35 व्या क्रमांकावर ड्राफ्ट झालेला ड्रेमंड आला आणि लीला ती जागा परत कधीच मिळाली नाही. हा सगळा कर यांचाच हिशोब, आणि बरोबर निघालेला.

पण राखीव असणं वेगळं आणि अधांतरी असणं वेगळं. इगुडालाला माहीत होतं की आपण कधी येणार, कोणाला अडवणार, किती मिनिटं खेळणार. कुमिंगाला काय माहीत होतं? जानेवारी 2024 मध्ये डेन्व्हरविरुद्ध तो 16 पॉइंट्सवर असताना बाहेर बसला आणि शेवटची 18 मिनिटं बसूनच राहिला. टीम जिंकत आलेली मॅच हरली. कोचवरचा त्याचा विश्वास उडालाय, अशा बातम्या आल्या. मग बोलणी झाली, त्याला मिनिटं मिळाली आणि त्या सीझनला त्याने 16.1 ची सरासरी काढली. वाटलं, सुटला प्रश्न. पुढचा सीझन सुरू झाला तेव्हा तो स्टार्टिंग फाइव्हमध्ये होता, काही दिवसांत बाकावर. डिसेंबरमध्ये सलग दोन मॅचेसमध्ये 34 आणि 34! जानेवारीत घोटा मुरगळला. मार्चमध्ये परत आला तर टीमच बदललेली. एप्रिलमध्ये सीझनची शेवटची मॅच आणि त्यानंतरची मेम्फिसविरुद्धची प्ले-इन, दोन्हींत शून्य मिनिटं. ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेतही काही मॅचेस तो नुसताच टाळ्या वाजवत बसला.

आणि मग करी जखमी झाल्याबरोबर, ‘चल बाळा, आता तूच वाचव’. पुढच्या चार मॅचेसमध्ये त्याचे पॉइंट्स होते 18, 30, 23, 26. चारही आपण हरलो, हेही सांगते, नाहीतर सोयीचे आकडे तेवढे दिले असं म्हणाल.

त्याचे दोषही आहेत, ढीगभर. एवढी उंची आणि एवढी उडी असून 2024-25 मध्ये मॅचमागे पाचसुद्धा रिबाउंड नव्हते, हे काही स्टीव्ह कर यांचं पाप नाही. बॉल हातात आला की तो थांबतो, बघतो, एक ड्रिबल, दोन ड्रिबल… तोवर करीने तीन वेळा पळून मोकळी केलेली जागा परत बंद. वॉरियर्सची सिस्टीम थांबणाऱ्याला माफ करत नाही. पण ही सवय बाकावर बसून कशी जाणार? ती खेळूनच जाते. आणि एक चूक झाली की बाहेर काढणार हे ज्याला ठाऊक असतं, तो पास देत नाही. तो मिळालेल्या चार मिनिटांत काहीतरी भव्य करायला बघतो.

हे मी अंदाजाने सांगत नाहीये. कॉलेजच्या टीममध्ये दोन वर्षं मी हेच केलं. आमचे सर कोणाला कधी आत घेतील याचा नेम नसायचा. एका इंटर-कॉलेजिएट मॅचला पहिल्या क्वार्टरमध्ये घेतलं, माझ्याकडून एक पास चुकला आणि मी थेट बसच्या खिडकीत! पुढच्या मॅचला सीनियरचा गुडघा दुखावला म्हणून परत मीच. आत गेल्यावर डोक्यात समोरची मुलगी नव्हती, टीम नव्हती, सरांचा चेहरा होता. मी दिसेल तिथून बॉल टाकत सुटले. ‘सेल्फिश खेळतेस’ असं नंतर ऐकवलं गेलं. खेळत होतेच. पण का, हे विचारायला कोणी आलं नाही. तिसऱ्या वर्षी नवे सर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ‘‘तू स्टार्टर नाहीस. दुसऱ्या क्वार्टरला येशील, त्यांच्या पॉइंट गार्डला दमवायचं, बास.’’ ऐकताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या वर्षी मला पहिल्यांदा रात्री नीट झोप लागली. (एकांकिकेच्या तालमीत ‘बघू, तुला एखादं वाक्य देऊ’ म्हणत शेवटपर्यंत लटकवलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय. सरळ बॅकस्टेज दिलं असतं तर निदान लाइट्स शिकलो असतो.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कुमिंगाला स्टार्टर करा, ही माझी मागणी नाही. करी, बटलर, ड्रेमंड हे तिघं असेपर्यंत ते जमणार नाही, आणि मी कोच असते तरी जमलं नसतं. पण मग करी बाकावर असतानाची ठरावीक मिनिटं त्याची करायची होती. रोज तीच, चुकला तरी तीच, चार शूटर त्याच्या बाजूला देऊन. जिमी बटलरसुद्धा 2011 मध्ये तिसाव्या क्रमांकावर ड्राफ्ट होऊन शिकागोला गेला तेव्हा पहिल्या वर्षी मॅचमागे तीन पॉइंट्सही काढत नव्हता. त्याला वेळ मिळाला, आणि वाढत्या मिनिटांसोबत जबाबदारी मिळाली. नाहीतर दुसरा रस्ता: जमत नाही हे 2024 मध्येच मान्य करायचं आणि त्याला खेळवणाऱ्या टीमकडे जाऊ द्यायचं. वॉरियर्सने दोन्ही केलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मूडीशी नवा करार केला, कुमिंगाशी जमलं नाही; तरी ठेवला, आणि ठेवून बसवला.

जून 2025 संपला की त्याचा करार संपणार होता. तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होणार होता, म्हणजे दुसऱ्या टीमने ऑफर दिली तरी तेवढेच पैसे मोजून वॉरियर्स त्याला अडवून ठेवू शकत होते. ऑक्टोबर 2025 मध्ये तो 23 पूर्ण करणार होता.

परवा बाबांनी परत विचारलं, ‘‘मग आता जाणार का तो दुसरीकडे?’’ मी म्हटलं, जावं असं वाटतंय. ‘‘आणि गेला तर तू सकाळी उठून कोणाची मॅच बघणार?’’ याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ओरलँडोसारखी एखादी टीम असेल, तर अलार्म साडेचारचा लावावा लागेल.